एका टाकीवर दोन व्हॉल्व्ह: वाल्शेनझेच्या थंड पाण्यातल्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, वाल्शेनझे

जर्मनीतल्या या तलावात स्कूबा डाइव्हिंग. पाणी ४ अंश, काठावर उणे ३. १४ मीटर खोलीवर रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, उसळला.

उसळला म्हणजे काय, तर श्वास सोडला तरी हवा थांबेना. तोंडातून, नाकावरून, मास्कच्या कडेने नुसता फेस. हात ऑक्टोपसकडे, म्हणजे तोंडात धरायच्या राखीव भागाकडे गेला. तोंडात घातला तर तोही तसाच उसळत होता. उसळणारच. दोन्ही नळ्या एकाच फर्स्ट स्टेजला (टाकीच्या तोंडावर बसून हवेचा दाब कमी करणारा भाग) लावलेल्या आणि गोठली होती ती फर्स्ट स्टेज. माझ्या टाकीला तोंड एक, चावी एक. ती बंद केली की उसळणं थांबेल आणि श्वासही. बडीने, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराने, त्याचा रेग्युलेटर दिला, आम्ही वर आलो. खाली टाकीचा दाब दाखवणाऱ्या गेजवर १५० बार होते, वर आल्यावर ४०.

चुका माझ्याच, आणि त्या एकापेक्षा जास्त. काठावर उभी राहून उणे ३ च्या हवेत 'चालतोय ना' म्हणून चार-पाच वेळा रेग्युलेटरमधून श्वास घेतला. तोंडातली वाफ आत गोठायला तेवढी पुरते. मग खाली दीर्घ श्वास ओढता ओढताच ड्रायसूटमध्ये (पाणी आत न शिरणारा पोशाख) हवा भरायचं बटण दाबलं. फर्स्ट स्टेजमधून हवा जितक्या जोरात सुटते तितकी ती गार होते. शेवटची चूक घरी येऊन भिंगाखाली सापडली. रेग्युलेटरच्या अंगावर 'ईएन २५०' (रेग्युलेटरसाठीचं युरोपीय मानक) कोरलेलं आहे आणि त्याच्या पुढे '>१०'. म्हणजे १० अंशांपेक्षा ऊबदार पाण्यासाठीच. चार वर्षं वापरतेय, एकदाही वाचलं नव्हतं. मालवणला २७-२८ अंशांत शिकलेल्या बाईने ते कशाला वाचावं, असं म्हणायला जागा आहे. पण मी म्युनिकला राहायला येऊनही आता सहा वर्षं झाली.

इकडच्या तलावांत दोन वेगळ्या चाव्या आणि दोन वेगळ्या फर्स्ट स्टेज असाव्यात हा पाठ सगळे देतात. मी 'उन्हाळ्यात उथळ पाण्यात काय होतंय' म्हणत तो टाळला होता. आता टाळायचा नाही. कुणाला हेच काम करायचं असेल तर वेळ आणि पैसे वाचावेत म्हणून इथे लिहून ठेवते.

२७ जानेवारी

तीन पर्याय होते.

जुळी टाकी सगळ्यात भक्कम, पण मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट नाही. माझी १२ लिटरची पोलादी टाकी एकटीच वर नेताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं. वेगळी छोटी ३ लिटरची टाकी, म्हणजे पोनी: तिची हवा स्वतंत्र, हा तिचा मोठा गुण. पण दर वेळी भरा, तपासा, लटकवा. मी ती निम्म्या वेळा घरी विसरेन हे मला ठाऊक आहे. उरला तिसरा: आहे त्याच टाकीवर दोन तोंडांचा व्हॉल्व्ह. दोन तोंडं, दोन चाव्या, दोन फर्स्ट स्टेज. एक उसळली की तिची चावी बंद करायची आणि दुसरीवर श्वास घ्यायचा.

मावसभाऊ मालवणला स्कूबाची बोट चालवतो. त्याला फोन केला. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गे ताई, एका सिलिंडराक दोन शेगडे लावले म्हणान काय गॅस डबल होता?"

होत नाही. दोन तोंडांच्या व्हॉल्व्हची मर्यादा यापेक्षा नीट मला इकडे कुणी सांगितली नव्हती. मानेचे आटे एकच, मानेची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) एकच, आत उतरणारी नळी एकच आणि हवा एकच. व्हॉल्व्ह वाचवतो तो रेग्युलेटर बिघडण्यापासून. हवा संपण्यापासून नाही. म्हणून संकटात वर यायला किती हवा लागेल याचा कागदावर हिशेब मांडला. ३० मीटरवर दाब ४ बार. घाबरलेले दोघं एकाच टाकीवर, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर धरले. खाली सावरायला एक मिनिट: २४० लिटर. वर यायला साडेतीन मिनिटं, सरासरी अडीच बार: ५२५. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा: २७०. बेरीज १०३५ लिटर. भागिले टाकीचे १२ लिटर, म्हणजे ८६ बार. मी आजवर ५० बार उरवून वर यायचे.

३० मीटरसाठी आता माझी रेघ ९० वर. व्हॉल्व्ह कोणताही असो.

१० फेब्रुवारी

जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत एच-व्हॉल्व्ह, म्हणजे दोन तोंडांच्या व्हॉल्व्हचा एक प्रकार, मिळाला, ३५ युरो. नवा शंभराच्या पुढे जातो. खूश.

१७ फेब्रुवारी

खुशी संपली. व्हॉल्व्ह टाकीत जाईचना. पहिला आटाही धरेना.

रिकाम्या टाकीच्या मानेत कचरा असेल म्हणून दात घासायच्या ब्रशने आटे साफ केले. मग सिलिकॉन ग्रीस लावलं. मग (हे लिहायची लाज वाटते) पाना घेऊन थोडा जोर लावून पाहिला. शेवटी क्लबमध्ये कॉम्प्रेसर बघणाऱ्या आजोबांकडे नेला. ते काही बोलले नाहीत. खिशातून व्हर्नियर काढला आणि दोन आकडे मला दाखवले. माझ्या जुन्या व्हॉल्व्हचे आटे २४.९ मिलिमीटर, नव्याचे २६.३.

युरोपातल्या आजच्या टाक्यांच्या मानेचे आटे एम२५×२. मी घेतलेला व्हॉल्व्ह पाऊण इंची (हे नुसतं नाव, मोजमाप वेगळं), अमेरिकी पद्धतीच्या आट्यांचा. जाहिरातीतल्या फोटोत अंगावरचा शिक्का दिसत नव्हता, आणि मीही विचारला नव्हता.

आजोबांनी पुढे जे सांगितलं ते जास्त महत्त्वाचं. माझी चूक बिनधोक दिशेची होती: जाडा व्हॉल्व्ह, बारीक मान, आत जातच नाही. उलट झालं तर मात्र जीवावर बेततं. एम२५ चा बारीक व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत जातो. जरा सैल वाटतो, पण काही आटे धरतात, ओ-रिंग दाबली जाते, थोडा दाबही टिकतो. आणि टाकी भरताना, किंवा भरल्यावर कधीतरी, तो गोळीसारखा उडतो. अशात माणसं मेली आहेत.

रात्री भावाला परत फोन. त्याच्याकडे अल्युमिनियमच्या टाक्या आहेत, वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेल्या. म्हटलं, प्रत्येकीच्या मानेवरचा शिक्का वाच. म्हणाला, "रंगाखाली गेलो हा तो." मग रंग खरवड म्हटलं.

३५ युरो आणि दोन शनिवार गेले. व्हॉल्व्ह सध्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून आहे.

२ मार्च

क्लबच्या दोन टाक्या उसन्या घेऊन तुलना केली, एकीवर एच, दुसरीवर वाय.

एच म्हणजे साधा व्हॉल्व्ह आणि त्याच्या बगलेला जोडलेलं दुसरं तोंड. हे जोडकाम नंतरही करता येतं, पुढे कधी जुळी टाकी करायची असेल तर तोच व्हॉल्व्ह मधल्या नळीने जोडता येतो. पण जोड आला की आणखी एक ओ-रिंग आली. आणि माझ्या दोन फर्स्ट स्टेज त्यावर एकमेकींच्या अंगावर येत होत्या. एकीची नळी दुसरीच्या डोक्यावरून वळवावी लागत होती.

वाय एकाच धातूच्या तुकड्यातून येतो. मानेतून वर येऊन दोन फांद्या फुटतात, गुलेलीच्या बेचक्यासारख्या. चाव्या दोन बाजूंना, फर्स्ट स्टेजना ऐसपैस जागा. तोटा हा की पुढे वाढवता येत नाही, आणि बोटीवर आडवी ठेवली की कुठलीतरी फांदी आपटतेच.

मी वाय घेतला. जुळी टाकी मी कधीच करणार नाही हे तिसऱ्या मजल्याने ठरवून ठेवलंय.

तोंडं डिन पद्धतीची (रेग्युलेटर आट्यांनी आत फिरवून बसवायचा), जी ५/८, २३२ बार. इथे एक बारकावा आहे: ३०० बारच्या व्हॉल्व्हचं तोंड जास्त खोल असतं, त्यामुळे २३२ चा आखूड रेग्युलेटर त्यात बसला तरी सील होत नाही. ३०० चा लांब रेग्युलेटर दोन्हींत चालतो. एम२६ ची तोंडं नायट्रॉक्ससाठी (जादा ऑक्सिजनची हवा) असतात, मला ती नकोत. दुकानदाराने सवयीने तीच पुढे केली होती. शिक्का वाचून परत दिली. एवढी अक्कल ३५ युरोंत आली.

२३ मार्च

टाकीची तपासणी मे मध्ये होतीच, ती पुढे ओढून व्हॉल्व्ह तिथेच बसवून घेतला. स्वतः बसवला असता तर १५-२० युरो वाचले असते. वाचवायचे नाहीत असं ठरवलं. बरं झालं: आत चमचाभर तांबूस पाणी निघालं. कधीतरी ओला व्हॉल्व्ह तसाच कॉम्प्रेसरला लावला असणार. टाकीत उतरणारी ती नळी याचसाठी असते. आपण डोकं खाली केलं की पाणी आणि गंज मानेकडे येतो, नळीचं टोक त्याच्या वर राहतं. आत गंज वरवरचाच होता, साफ होऊन शिक्का मिळाला.

आतापर्यंतचा खर्च, युरोमध्ये: चुकीचा व्हॉल्व्ह ३५, बरोबरचा ११९, तपासणी आणि बसवणं ६२, थंड पाण्याचा रेग्युलेटर संच ३८९, दोन नळ्या ६८, क्लिपा आणि रबर १२. एकूण ६८५. रुपयांत साठ हजारांच्या वर. 'व्हॉल्व्ह बदलतेय' असं घरी सांगितलं होतं. व्हॉल्व्हपेक्षा त्याच्या दुसऱ्या तोंडावर काय लावायचं याचाच खर्च मोठा, हे आधी धरा. आणि जुना '>१०' वाला रेग्युलेटर दुसऱ्या तोंडावर लावून भागवू नका. एक गोठला की सगळा भार दुसऱ्यावर येतो, आणि नेमका तेव्हाच तुम्ही धापा टाकत असता.

६ एप्रिल

नळ्यांची मांडणी. पहिल्यांदा सगळ्या नळ्या जिथे सोप्या पडतील तिथे लावल्या: मुख्य सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग), विंगची (तरंगण्यासाठी पाठीवरची हवेची पिशवी) आणि ड्रायसूटची उजवीकडे, दुसरी सेकंड स्टेज आणि गेज डावीकडे. छान दिसत होतं. बडीने एकच विचारलं: उजवी बंद केलीस की तरंगणार कशाने?

विंग आणि ड्रायसूट वेगवेगळ्या बाजूंना हवेत. आता विंग उजवीकडे, ड्रायसूट डावीकडे. दुसरी सेकंड स्टेज रबरी दोरीने गळ्यात, हनुवटीखाली. हाताने शोधावी लागत नाही, मान खाली घातली की तोंडाशी येते.

गेज डावीकडेच ठेवला, आणि त्याची एक खोड आज घरी बसून कळली. डावी चावी बंद केली तरी काटा हलला नाही. नळीत अडकलेली हवा तोच आकडा दाखवत बसली. १३० म्हणजे १३०, आणि मी उजवीकडून निम्मी टाकी संपवली असती तरी १३०. गेजच्या मागे पांढऱ्या पट्टीवर 'डावा' लिहून चिकटवलं.

१३ एप्रिल, तरणतलाव

अख्खा प्रकल्प इथे अडला. हात पोचेना.

सोफ्यावर बसून पोचत होता. पाण्यात, जाड अंतर्वस्त्र, ड्रायसूट आणि हातमोज्यांसह उजव्या चावीला बोटांची टोकं लागत होती आणि डावीला तीही नाही. टाकी पट्ट्यात ८ सेंटिमीटर वर सरकवली. हात पोचला, पण वर बघायला मान उचलली की टाळकं फर्स्ट स्टेजवर आपटायचं. ४ सेंटिमीटरवर तडजोड केली. खरी सुटका एका साध्या युक्तीने झाली: एक हात चावीकडे नेताना दुसऱ्या हाताने टाकीचं बूड खालून वर ढकलायचं. टाकी डोक्याकडे सरकते आणि चावी आपणहून बोटांत येते.

मग दिशा. सगळे नळ घड्याळाच्या दिशेने बंद होतात हे खरं, पण ते नळासमोर उभं राहिल्यावर. इथे दोन चाव्या दोन विरुद्ध बाजूंना तोंड करून, आणि दोन्ही पाठीमागे. आडवं पोहताना उजव्या चावीची वरची बाजू डोक्याकडे ढकलली की ती बंद होते. डाव्या चावीची वरची बाजू पायाकडे ओढली की बंद. मी दोन्ही डोक्याकडे ढकलत होते, म्हणजे डावी आणखी उघडत होते आणि 'जाम झाली' म्हणून वैतागत होते. लेझीमच्या तालावर पाठ केलं: उजवी पुढे, डावी मागे. उजवी पुढे, डावी मागे. शेजारच्या लेनमधल्या आजी पोहायच्या थांबून बघत होत्या.

उजवी बंद, दुसरीवर श्वास, उजवी परत उघडी: पहिल्या दिवशी ४७ सेकंद. १४ जानेवारीला दोन मिनिटांत ११० बार गेले होते, म्हणजे ४७ सेकंदांत चाळीसेक गेलेच.

४ मे, वाल्शेनझे, ६ मीटर

बडीने खूण केली: 'उजवा उसळला.' मी शांतपणे, आत्मविश्वासाने डावी बंद केली. मग गळ्यातली सेकंड स्टेज तोंडात घेतली. एक श्वास आला, दुसरा अर्धा, तिसरा नाहीच. म्हणजे खरा उसळलेला बाजूला टाकून मी चांगला बंद करून बसले होते. सहा मीटरवर, सरावात. वर आल्यावर दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

तेव्हापासून क्रम बदलला. आधी तोंडातला रेग्युलेटर बदलायचा, दुसरीवर दोन पूर्ण श्वास घ्यायचे, मग चावीला हात. ज्यावर श्वास चाललाय ती चावी बंद करायची नाही. आणि डोक्यामागून नुसते बुडबुडे ऐकू आले, कुठली बाजू कळत नसेल, तर गळ्यातल्यावर जाऊन आधी उजवी. नाही थांबलं तर उजवी उघडून, उजवीवर परत येऊन, मग डावी.

मे-जूनमध्ये दर डाइव्हला तीनदा सराव. जूनअखेर १९ सेकंद.

२२ जून

बुडालेल्या झाडाखालून गेले. फांदी पाठीला घासली, लक्ष दिलं नाही. दहा मिनिटांनी सवयीने दुसरीवर श्वास घेतला तर जड. डावी चावी जवळजवळ बंद होती. पुढे जाताना वरून काही घासलं की ते डाव्या चावीची वरची बाजू पायाकडेच ओढतं, म्हणजे बंद करण्याच्या दिशेने. उजवीला हा धोका नाही, घासल्यावर ती उलट उघडते. हे सगळं पाठ करूनही जोडून पाहिलं नव्हतं. आता काहीही घासलं की हात मागे. आणि चाव्या पूर्ण उघड्या ठेवायच्या, 'पाव फेरा मागे' ही जुनी सवय सोडली.

१७ नोव्हेंबर, वाल्शेनझे, २४ मीटर, ५ अंश

उजवा उसळला. या वेळी खरा.

गळ्यातली तोंडात, दोन श्वास, बूड वर, उजवी पुढे. गेज १३० वरून ११२. हाताची बोटं बधिर होती, चावीचा शेवटचा अर्धा फेरा तळहाताने फिरवला. मग एकदम शांतता. विंगमध्ये हवा भरता येत नव्हती, ड्रायसूटवर वर आलो. ५ मीटरवर पोचेपर्यंत चारेक मिनिटं झाली होती, बर्फ सुटला असणार म्हणून उजवी हळूच उघडली. चालू, काही उसळलं नाही. पण श्वास मात्र शेवटपर्यंत डावीवरच घेतला.

कारण शोधलं तर जुनंच निघालं: श्वास ओढताना विंगचं बटण. नवा रेग्युलेटर थंड पाण्याचा आहे म्हणून तो गोठतच नाही असं नसतं.

१ डिसेंबर

टाकी भरून आणली, बाथटबमध्ये ठेवली. मानेशी, व्हॉल्व्ह बसतो त्या कडेला, दर सात-आठ सेकंदांनी एक बुडबुडा. मानेची ओ-रिंग. दोन्ही चाव्या बंद करून बघितल्या, बुडबुडा येतच राहिला. येणारच होता, पण डोळ्यांनी बघितलेलं बरं. टाकी रिकामी करून वर्कशॉपला. नवी ओ-रिंग ४ युरो, मजुरी २०. जाणं-येणं धरून अर्धा दिवस.

पोनीच्या किमती बघून ठेवल्या आहेत. अजून घेतली नाही.

२९ डिसेंबर, मालवण

लोणच्यावरचा ३५ युरोंचा व्हॉल्व्ह बॅगेतून इकडे आणला. विमानतळावर दोनदा बॅग उघडावी लागली, 'पाण्याचा नळ आहे का?' असं विचारलं, मी हो म्हटलं.

भावाला तो हवा होता. त्याची पोरं दिवसभर पर्यटकांना घेऊन खाली-वर करतात, ऑक्टोपस वाळूत लोळतो आणि वाळू अडकली की उसळतो. गोठण्याचा प्रश्न इथे नाही, पण वाळू कुठल्याही तापमानाला अडकते. तोंडात बसवायचे इन्सर्ट घेतले, म्हणजे त्याचे घोड्याच्या नालेसारखे क्लॅम्पवाले रेग्युलेटर त्यावर बसतील.

अंगणात दोन पिवळ्या टाक्या शेजारी शेजारी उभ्या. दोन्ही अल्युमिनियमच्या, दोन्ही एकाच उंचीच्या, एकाच डब्यातल्या रंगाने रंगवलेल्या. फोनवर सांगून दहा महिने झाले, रंग खरवडला नव्हता. मी खरवडला. पहिलीवर पाऊण इंची शिक्का. दुसरीवर एम२५×२. भाऊ उकिडवा बसून दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिला. मग आत जाऊन बाकीच्या नऊ टाक्या एकेक करून बाहेर आणायला लागला.

संध्याकाळपर्यंत चार एम२५, सात पाऊण इंची. एम२५ च्या खांद्यावर लाल पट्टा मारला, सुटे व्हॉल्व्हही व्हर्नियरने मोजून दोन वेगळ्या डब्यांत टाकले. कॉम्प्रेसरवरच्या पोराला लाल पट्टा म्हणजे काय ते भावाने दोनदा सांगितलं आणि त्याच्याकडून परत म्हणून घेतलं. पट्टा अजून ओला आहे, टाक्या आज पडवीतच राहतील.